घारसाहेब आणि शंभर कप

चिनीमातीच्या कारखान्यात एकतीस वर्षं नुसते कप बघत बसलं, तर माणसाला काय होईल? दुसऱ्या कुणाला पाठदुखी झाली असती. आपल्या गृहस्थांना गर्व झाला.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सगळा कारखाना त्यांना घारसाहेब म्हणायचा. घार आभाळातून उंदीर हेरते, तसे हे खिडकीपाशी खुर्ची टाकून भट्टीतून आलेल्या कपावरची केसाएवढी चीर हेरायचे. कप उचलायचा, उजेडासमोर धरायचा, एकदा फिरवायचा. चांगला असला तर डावीकडे, पॅकिंगच्या टेबलावर. चिरलेला असला तर उजवीकडे, आणि तिथे ठेवलेल्या छोट्या हातोडीने त्याचा जागच्या जागी निकाल. ती हातोडी दुसऱ्या कुणी हातात घेतलेली त्यांना खपायची नाही. सुट्टीच्या दिवशी ते ती घरी घेऊन जात, आता बोला!

तर अशा या घारीला दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू झाला. एका नाही, दोन्ही डोळ्यांत. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग कपावरच्या चिरा दिसेनाशा झाल्या, मग माणसांचे चेहरे पुसट झाले. बायकोला ते कळलं तेव्हा साहेब खुंटीवर टांगलेल्या कोटाला "या, बसा, बरेच दिवसांनी आलात," म्हणत होते.

"अहो, डॉक्टरांकडे चला," बायको म्हणाली. "डोळा काढत नाहीत काही. आतली जाळी काढतात. माझ्या मावशीने काढून घेतली आणि आठवड्याभरात सुईत दोरा ओवला तिने."

"तुझी मावशी कप तपासत नाही," घारसाहेब म्हणाले. "घारीला मोतीबिंदू झाला म्हटल्यावर कारखाना पोट धरून हसेल. आणि खबरदार कुणाला बोललीस तर!"

मग एकतीस वर्षांची खुर्ची चालवायची कशी? साहेबांनी युक्ती काढली. भट्टीच्या मालात शंभरात चार-पाच कप चिरलेले निघतातच, हा त्यांचा जुना अनुभव. तेव्हा शंभरातले चार-पाच फोडायचे. कुठले? हाताला येतील ते. कप उजेडासमोर धरायचा, भुवया आकसायच्या, 'हं' म्हणायचं आणि हातोडी मारायची. चांगले कप हकनाक फुटत होते, चिरलेले ऐटीत गिऱ्हाइकाच्या घरी जात होते, आणि साहेबांचा रुबाब तसूभरही कमी झाला नव्हता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे दळणारालाच वाटत होतं की आपण फार बारीक दळतोय.

असं आणखी चार वर्षं, निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण मुख्य कचेरीतून पत्र आलं. कंपनीचे कारखाने दोन. दोन्हीकडचा माल आता एकाच ठिकाणी तपासणार, म्हणून तपासनीसही एकच ठेवणार. दोघांनी यायचं, शंभर कपांची परीक्षा द्यायची, ज्याला जास्त चिरा सापडतील त्याची नोकरी राहील. दुसऱ्याने घरी बसायचं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या कारखान्यात कुणीतरी टिचकी मारून, आवाजावरून कप तपासतं, एवढं त्यांच्या कानावर होतं. त्या इसमाला ते 'टिचकी मास्तर' म्हणून हसायचे. हा मास्तर कोण, कसा, किती वर्षांचा, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. टिचक्या मारणाऱ्याची कसली चौकशी करायची!

पण देव सगळ्यांनाच मेहुणे देतो. साहेबांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ, मुख्य कचेरीत स्टोअरकीपर होता, आणि परीक्षेचे शंभर कप मांडायचं काम त्याच्याकडेच आलं होतं. बायकोने भावाला फोन केला, चार अश्रू ढाळले, आणि ठरलं. मेहुण्याने आदल्या रात्री एकेक कप भिंगाखाली बघायचा आणि जे चिरलेले असतील, त्यांच्या बुडाला मेणाचा एक बारीक ठिपका लावायचा. डोळ्याला दिसायचा नाही, पण अंगठा फिरवला की लागेल. नजरेची परीक्षा साहेब आता अंगठ्याने पास होणार होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने ते निघाले. सहा तासांचा प्रवास. डब्यात समोरासमोर दोन बाकं, खिडकीपाशी एक बाई आधीच बसलेली, आणि तिच्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ घोरत होते. साहेब रुबाबात आत शिरले आणि कशाला तरी अडखळून थेट बाकावर जाऊन आदळले.

"सांभाळून हं," बाई म्हणाली. "तिथे यांची बॅग आहे. मघाशी माझ्याही पायाला लागली."

"दिसली होती मला," घारसाहेब म्हणाले. "पण लोकांना वाटेत बॅगा ठेवायला लाज कशी वाटत नाही?"

आता ही बाई कोण, ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, उगीच तंगवत नाही. हीच ती टिचकी मास्तर. दुसऱ्या कारखान्यात तेवीस वर्षं कप तपासत होती. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही डोळे गेले होते, आणि ते परत येण्यातले नव्हते. धाकट्या बहिणीने तिला गाडीत बसवून दिलं होतं. घडीची पांढरी काठी पिशवीत होती. बहिणीचं आणि तिचं घर तिच्याच पगारावर चाललं होतं, म्हणून तीही उद्याच्या परीक्षेला निघाली होती. हे सगळं जरा नीट बघणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. निदान ती आंधळी आहे एवढं तरी. पण समोर बसली होती घार.

"कुठे निघालात?" बाईने विचारलं.

"मुख्य कचेरीत बोलावलंय मला," साहेब म्हणाले. जणू सल्ला विचारायलाच बोलावलं होतं. "कपांचं काम आहे. चिनीमातीच्या."

"अगबाई! मीपण कपांच्याच—"

"कपबशा काय, सगळ्याच बायका हाताळतात," साहेब म्हणाले. "पण हाताळणं वेगळं आणि बघणं वेगळं. बघायला नजर लागते, बाई."

"लागत असेल," बाई म्हणाली.

"उद्या कळेल सगळ्यांना."

"उद्या माझीही परीक्षा आहे."

"या वयात? असो, शिक्षणाला वय नसतं," असं म्हणून साहेब पुन्हा स्वतःकडे वळले. त्यांना दुसऱ्याच्या गोष्टीत फार वेळ थांबायची सवय नव्हती.

बाईने थर्मास काढला. टोपणाच्या कडेवरून एक बोट आत टाकून चहा ओतला, बोटाला चटका लागला तशी थांबली, आणि टोपण साहेबांपुढे धरलं. एक थेंब सांडला नाही. साहेबांना वाटलं, काय ही नजाकत! त्यांनी दोन घोट घेतले, टोपण खिडकीखालच्या फळीवर ठेवायला गेले, आणि फळीच्या बाहेर वीतभर अंतरावर ठेवलं. उरलेला चहा घोरणाऱ्या गृहस्थांच्या बुटावर गेला.

"गाडी फार हलते," साहेब म्हणाले. गाडी तेव्हा स्टेशनात उभी होती.

मग ते जे सुरू झाले ते थांबेचनात. एकतीस वर्षं, लाखो कप, हातोडी, उत्तम तपासनीस म्हणून कंपनीने दिलेला सोनेरी कडेचा कप. हा कप ते प्रवासातही बरोबर ठेवत, कुणी बघायला मागितलाच तर असावा म्हणून. कुणी मागत नसे. साहेबच काढून दाखवत. तसाच तो त्यांनी आताही काढून बाईच्या हाताला लावला.

"बघा, कसा वाटतो. पंचवीस हजारांतून निवडलाय मी स्वतः, गेल्या वर्षी. एक डाग दाखवा!"

बाईने पिशवीतून मऊ फडकं काढून कप आधी नीट पुसला. मग तो बोटांच्या टोकांवर तोलून धरला, कानाजवळ नेला आणि नखाने एक टिचकी मारली. पुन्हा जरा फिरवून दुसरी मारली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण याचा कान जोडलाय ना, तिथे बद्द वाजतो. जपून वापरा. गरम चहा ओतलात तर कान हातात राहील."

साहेब हसले. पोटापासून हसले. "बाई, तुम्ही अगदी त्या टिचकी मास्तरासारखं केलंत बघा! आमच्या दुसऱ्या कारखान्यात एक येडपट आहे. कप वाजवून बघतो. कप म्हणजे काय घंटा आहे? उद्या त्याच्याशीच गाठ आहे माझी."

बाईने तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं. मग म्हणाली, "असं? काय करणार मग उद्या?"

आता शिंक आणि गुपित, दोन्ही फार वेळ दाबून धरवत नाहीत. त्यात समोर अनोळखी बाई, पुन्हा आयुष्यात भेटणार नाही अशी. आणि ऐकते किती एकाग्रतेने! पापणीसुद्धा हलवत नाही. साहेबांनी आवाज खाली आणला आणि मेणाचे ठिपके, मेहुणा, अंगठा, सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, "तसं मला गरज नाही काही. पण खात्री असलेली बरी."

"तुमच्याकडून कधी चूक झाली नाही?" बाईने विचारलं.

"माझ्याकडून?" साहेबांनी छाती फुगवली. "गेल्या वर्षी एका घरून तक्रार आली. कपाचा कान तुटला म्हणे, म्हातारीच्या मांडीवर उकळता चहा सांडला, भाजली बिचारी. आमचे साहेब माझ्याकडे आले. मी म्हटलं, माझ्या टेबलावरून गेलेला कप निर्दोष. पुढे पॅकिंगमध्ये आपटला असेल तर मी काय करू? झालं, पॅकिंगवालीला काढलं. अकरा वर्षं कामाला होती, रडली, पाया पडली. पण चूक ती चूक."

बाईने हातातलं फडकं गच्च आवळलं. साहेबांना वाटलं, आपल्या न्यायबुद्धीने भारावली.

"एक सांगू?" ते मोठ्या कृपेने म्हणाले. "माणसाचं बोलणं ऐकावं कसं, ते तुमच्याकडून शिकावं. काय डोळे आहेत हो तुमचे! अगदी मनात शिरतात."

बाईच्या ओठांचा कोपरा हलला. "माझ्या डोळ्यांचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं," ती म्हणाली.

एक स्टेशन आधी घोरणारे गृहस्थ जागे झाले. उतरताना त्यांनी आपली बॅग उचलली, बाईकडे वाकले आणि हलकेच म्हणाले, "ताई, पाण्याची बाटली फळीवर उजव्या हाताला आहे. पिशवी पायाशी. पुढच्या स्टेशनात उतरायचं असेल तर हमाल इथेच पाठवायला सांगतो." बाईने हात जोडले.

चोंबडा मेला, साहेबांना वाटलं. समोर पडलेल्या वस्तू बाईला स्वतःला दिसत नाहीत का! सहातले साडेपाच तास जो माणूस घोरत होता, त्याच्या नजरेला जे आलं, ते घारीला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुख्य कचेरीच्या लांबट खोलीत साहेब कोट घालून हजर झाले. मोठी खिडकी, खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर पांढऱ्या कपांच्या दहा-दहाच्या दहा रांगा. साहेबांना त्या रांगा टेबलावर सांडलेल्या दुधासारख्या दिसत होत्या. मेहुणा कोपऱ्यात उभा होता. त्याने खाकरून इशारा केला की सगळं ठाकठीक आहे. मोठे साहेब आले, कागदावर काहीतरी लिहिलं.

मग दारात काठीचा टकटक आवाज आला.

शिपाई एका बाईला आत आणत होता. साहेबांना एक आकृती दिसली आणि पुढे चाचपडत येणारी एक पांढरी रेघ दिसली. कुणीतरी आंधळं माणूस इथे कशाला, असं त्यांच्या मनात येतंय तोवर आवाज आला, "नमस्कार घारसाहेब. काल प्रवास फार छान झाला. तुम्ही किती बोललात!"

आवाज गाडीतल्या बाईचाच होता. साहेबांनी मेहुण्याचा दंड धरला. "ही... ही आंधळी आहे?"

"अहो भावोजी," मेहुणा कुजबुजला, "टिचकीबाई आंधळी आहे हे अख्ख्या कंपनीला माहीत आहे. तुम्हाला नाही?"

आता ही बोलणार, साहेबांनी ओळखलं. मेण म्हणणार, मेहुणा म्हणणार, अंगठा म्हणणार. एकतीस वर्षांची खुर्ची तर जाईलच, पण मेहुण्याचीही जाईल, आणि मग बायकोला तोंड कुठे दाखवायचं?

"बाईंना आधी संधी," मोठे साहेब म्हणाले.

टिचकीबाई टेबलापाशी बसली. पहिला कप उचलला, फडक्याने पुसला, ठेवला. दुसरा उचलला. तिसऱ्याला तिचं बोट बुडापाशी थांबलं. खोलीत तिघांचा श्वास थांबला, म्हणजे घारसाहेबांचा, मेहुण्याचा, आणि शिपायाचा उगीचच.

"साहेब," ती मोठ्या साहेबांना म्हणाली, "कपांच्या बुडाला काहीतरी चिकटलंय. स्टोअरमध्ये धूळ फार असेल. घाण कप खरा वाजत नाही. सगळे ओल्या फडक्याने पुसून मिळतील का? बुडंसुद्धा. या साहेबांनाही बघायला बरे पडतील."

"बरोबर आहे," मोठे साहेब म्हणाले. "स्टोअरकीपर, पुसा. आणि अंग चोरू नका, बुडं घासून पुसा."

आणि मग जगात फार कमी मेहुण्यांना करावं लागलं असेल असं काम त्या मेहुण्याने केलं. रात्रभर जागून लावलेलं मेण मोठ्या साहेबांच्या देखत, एकेका कपावरून, नखाने खरवडून काढलं. दर दहा कपांमागे तो भावोजींकडे बघायचा. भावोजींना ते दिसत नव्हतं, तेवढं एक बरं.

मग टिचकीबाईने काम सुरू केलं. टण, टण, टण, खणखणीत. मधेच एक बद्द. तो कप बाजूला. पुन्हा टण, टण. अर्ध्या तासात शंभर झाले. तिने बाजूला काढलेल्या कपांची मोठ्या साहेबांनी नोंद केली, सगळे कप मिसळून पुन्हा मांडले आणि साहेबांचा नंबर आला.

साहेबांनी पहिला कप खिडकीसमोर धरला. काही नाही, नुसतं पांढरं. दुसरा, पांढरं. अंगठा बुडावर फिरवला, गुळगुळीत. ते एकदम म्हातारे झाल्यासारखे दिसायला लागले, पण घारीचं सोंग सुटेना. भुवया आकसल्या, 'हं' म्हटलं आणि हाताला येईल तो कप उजवीकडे ठेवला. सवयीने हातोडीसाठी हातही गेला. हातोडी नव्हती.

पडताळणी शाईने करायची होती. कपात निळी शाई ओतून ठेवायची, थोड्या वेळाने पुसून टाकायची. चांगला कप पांढरा होतो, चिरलेल्यात शाई शिरते आणि निळी रेघ उरते. बारा कप चिरलेले निघाले. टिचकीबाईने अकरा पकडले होते. घारसाहेबांनी दोन पकडले होते, आणि एकोणीस धडधाकट कप मोडीत काढले होते.

मोठे साहेब कडक माणूस नव्हते. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला काहीतरी आधार द्यावा म्हणून त्यांनी बाईकडून सुटलेला बारावा कप उचलला आणि साहेबांच्या समोर धरला. आतून काठापासून बुडापर्यंत बोटभर रुंद निळा ओघळ होता. दारातल्या शिपायालाही तो दिसत होता.

"हा तर बाईंकडूनही सुटला," ते म्हणाले. "तुम्ही बघा, काय दिसतं यात?"

घारसाहेबांनी कप घेतला. उजेडासमोर धरला, एकदा फिरवला. खोलीतली शांतता त्यांना आवडली. इतक्या वर्षांनी पुन्हा सगळे त्यांच्या शब्दाची वाट बघत होते.

"निर्दोष," ते म्हणाले.

कुणीच हसलं नाही. एखादा हसला असता तर बरं झालं असतं.

परतीची गाडी दुपारी एकची. तिकिटं कंपनीने काढली होती आणि कारकुनाने दोघांना समोरासमोरच्या जागा दिल्या होत्या. यावेळी साहेब बॅगेला न अडखळता बसले, कारण आत येताना टिचकीबाईनेच त्यांचा कोपर धरला होता.

"आज अगदीच गप्प?" दोन तासांनी ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" साहेबांनी विचारलं. "मेणाचं."

"मला तुमच्या मेहुण्याची नोकरी घालवायची नव्हती. मला माझी ठेवायची होती."

साहेबांनी कोटाचं बटण उगीच काढलं, पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाले, "मला दिसत नाही, हे तुम्हाला आज कळलं ना?"

"काल कळलं."

"काल कसं? मी तर काही बोललो नाही!"

"सहा तास तुम्ही माझ्यासमोर बसलात आणि मी आंधळी आहे हे तुम्हाला कळलं नाही. वर माझ्या डोळ्यांचं कौतुक केलंत. आणखी काय बोलायचं राहिलं होतं?"

साहेबांच्या अंगातली सगळी हवा निघून गेली, आणि गंमत म्हणजे त्यांना बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते खरं बोलले. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत."

"मोतीबिंदू?" बाई पुढे सरकली. "नुसता मोतीबिंदू?"

"हो. पण कारखान्यात लोक काय म्हणतील—"

"अहो, तो काढता येतो!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तिला संताप आला होता आणि तो तिने लपवला नाही. "माझ्या डोळ्यांना औषध असतं ना, तर मी दोन दिवस थांबले नसते, चालत गेले असते दवाखान्यात! आणि तुम्ही लोक हसतील म्हणून पडदा ओढून बसलात? दोन वर्षं? चांगले कप फोडत?"

साहेबांनी मान खाली घातली. काहीतरी करावं म्हणून त्यांनी बॅगेतला सोनेरी कडेचा कप काढला. हातरुमालाने पुसला, बोटांच्या टोकांवर धरला, कानाजवळ नेला आणि टिचकी मारली. टण. थोडा फिरवला, कानापाशी मारली.

बद्द.

पुन्हा मारली. पुन्हा बद्द. इतकं साधं होतं ते.

"ऐकलंत?" बाई म्हणाली.

"त्या म्हातारीच्या मांडीवर सांडला तो कप..." साहेबांनी हातातल्या कपाचा कान चाचपला. "तो पॅकिंगमध्ये आपटला नव्हता."

"नव्हताच."

"उद्या डॉक्टरांकडे जातो. बायकोला सांगतो, वेळ घे म्हणून. आणि त्या पॅकिंगवालीला शोधून काढतो. साहेबांपुढे उभं राहून सांगतो, चूक माझी होती. तिला परत घ्या." ते भरभर बोलत होते. यावेळी त्यात सोंग नव्हतं.

"सांगा," बाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "एकाच ठिकाणी माल यायला लागला की पॅकिंगच्या बायका माझ्याच हाताखाली असतील. मीही विचारते चार जणींना. दिसायला कशी होती ती? नाव काय तिचं?"

घारसाहेबांनी तोंड उघडलं. नाव त्यांना माहीत नव्हतं, ते सगळे तिला पॅकिंगवालीच म्हणायचे. उंच होती, ते म्हणायला गेले, आणि थांबले. उंच होती की बुटकी? गोरी, सावळी? चष्मा होता का? केस पिकले होते का?

"बरं, आवाज तरी सांगा," बाई म्हणाली. "आवाजावरून मी शोधीन."

साहेब आठवत राहिले. ती रडली होती, पाया पडली होती, तेवढं आठवत होतं. रडताना आवाज कसा होता, ते आठवत नव्हतं. हातातला कप त्यांनी हळूच बाकावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मोतीबिंदूला दोनच वर्षं झाली होती, आणि ती बाई त्यांच्या डावीकडे दहा हातांवर अकरा वर्षं बसत होती.